अनुभवाचा दाखला

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कंपनीत क्वालिटी मॅनेजरांनी माझा अनुभवाचा दाखला वाचला, त्याची मधोमध घडी घातली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "हा फाइलमधून काढून टाक," एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, घरी येईपर्यंत त्यांना मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या.

दाखला खोटा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

मी मूळची लासलगावची. 2024 च्या उन्हाळ्यात मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला, फर्स्ट क्लासमध्ये. वर्गात आम्ही सात मुली. कॅम्पसला दोन कंपन्या आल्या, दोन्हींनी पोरं उचलली आणि आम्हाला "शिफ्ट असते, मॅडम" असं सांगून गेल्या. शिफ्ट असते हे आम्हालाही माहीत होतं, तीन वर्षं मेकॅनिकल शिकलो होतो.

पप्पा बाजार समितीत मापारी, म्हणजे माल तोलणारे. त्या वर्षी एप्रिलमध्ये हमाली-तोलाईच्या कपातीवरून वाद पेटला आणि जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधले कांद्याचे लिलाव कित्येक दिवस बंद राहिले. भांडण समजायला सोपं होतं. ट्रॅक्टर सरळ भुईकाट्यावर जातो, वजनाची पावती तिथेच निघते, मग शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून, तोलाई कापायची ती कशाची? शेतकऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि आमच्या घरातला डबाही रिकामा होता. मी आत शेवटच्या सेमिस्टरचा अभ्यास करायचे आणि पप्पा ओट्यावर पेपर वाचायचे. दुपारी तोच पेपर पुन्हा.

निकाल लागला तशी मी बॅग भरून नाशिकला आत्याकडे आले. आत्या सिडकोत राहते, त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे. आत्याचे मिस्टर अंबडला एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहेत, त्यांना आम्ही मामाच म्हणतो. दोन खोल्या, त्यात त्यांची दोन मुलं, आणि आता मी. आत्याने एका शब्दाने कधी काही दाखवलं नाही, पण सकाळी बाथरूमसाठी पाच माणसं रांगेत असली की आपण पाचवे आहोत हे आपल्यालाच कळतं.

पहिला दीड महिना मोबाइलवर गेला. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. प्रत्येक जाहिरातीत "अनुभव 1 ते 3 वर्षे". जिथे "फ्रेशर चालतील" असं असायचं तिथे फोन केला की इन्शुरन्स विकायचं काम निघायचं. एका दुसऱ्या मजल्यावरच्या कन्सल्टन्सीने 1,200 रुपये रजिस्ट्रेशनचे घेतले आणि ज्या 'इंटरव्ह्यू'ला पाठवलं तिथे हॉलमध्ये चाळीस जण बसून टाळ्या वाजवत होते, आणि स्टेजवरचा टायवाला महिन्याला लाख कसे कमवायचे ते सांगत होता. 1,200 परत मागायला गेले तर पावतीवर बारीक अक्षरात 'परत मिळणार नाहीत' असं छापलेलं दाखवलं. नोकरी देण्याआधी जो पैसे मागतो त्याच्याकडून काही मिळत नाही, हे मला आत्याने आधीच सांगितलं होतं. आत्या सातवी शिकलेली आहे.

सरकारी वाटाही धरून पाहिल्या. त्याच जुलैत मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू झाली होती. बारावीला महिना 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीला 10,000, आणि पैसे थेट खात्यात. मुदत तेव्हा सहा महिने होती, पुढे अकरा झाली. पोर्टलवर नोंदणी केली. माझी मैत्रीण त्यातून एका सरकारी ऑफिसात लागली आणि सहा महिने जुने कागद स्कॅन करत बसली. डिप्लोमा तिचाही मेकॅनिकलचाच. मला शॉपफ्लोअरवरचंच, मशीनजवळचं काम हवं होतं. दुसरी वाट अप्रेंटिसशिपची, म्हणजे केंद्राच्या पोर्टलवर नाव घालून मोठ्या कंपनीत वर्षभर शिकाऊ म्हणून राहायचं. डिप्लोमावाल्याला तेव्हा किमान 8,000 मिळायचे आणि त्यातला निम्मा वाटा सरकार कंपनीला परत द्यायचं. ही वाट चांगली आहे, आजही मी लहान भावंडांना हीच सांगते. पण मला एका कंपनीच्या परीक्षेला बोलावलं आणि मी पडले. ॲप्टिट्यूडच्या गणितात नळ आणि हौद होते. दुसरीकडून कधी काही आलंच नाही.

तेव्हा मावसभाऊ म्हणाला, "अगं, अनुभव लागतो ना? मग दाखवायचा. सगळेच करतात." त्याच्या मित्राच्या काकांचं सिन्नरला वर्कशॉप होतं. दोन दिवसांत लेटरहेडवर दाखला आला. सही, निळा गोल शिक्का, 'सदर उमेदवार आमच्या आस्थापनेत क्वालिटी इन्स्पेक्टर या पदावर कार्यरत होत्या, त्यांची वर्तणूक चांगली होती.' मी ते वर्कशॉप पाहिलेलंही नव्हतं. वर्तणूक मात्र चांगली होती.

त्या दाखल्यावर सातपूरहून बोलावणं आलं. पहिल्यांदाच कुठूनतरी फोन आला होता, म्हणून मला तर दाखल्याचा अभिमानच वाटायला लागला होता. आत एचआरच्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "युएएन नंबर?" हे मला भावाने पढवलं होतं. पीएफ कापला गेला की माणसाचा युएएन निघतो, आणि मागे कुठे, किती महिने काम केलं ते त्यावर दिसतं. मी म्हटलं, "छोटं वर्कशॉप होतं मॅडम, पीएफ नव्हता." ते त्यांना पटलं, कारण वीसपेक्षा कमी माणसं असली की पीएफ बंधनकारक नसतो. मग आत क्वालिटी मॅनेजर.

"तिथे काय मोजायचीस?"

"शाफ्ट, सर."

"बेअरिंग बसायच्या जागेवर टॉलरन्स किती असायचा?"

टॉलरन्स म्हणजे मापात किती फरक चालतो ते. मला कॉलेजच्या ड्रॉइंगशीटवरचे आकडे आठवेनात. तोंडातून गेलं, "प्लस मायनस पॉइंट फाइव्ह."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेअरिंगच्या जागेवर अर्धा मिलिमीटर? मग ते बेअरिंग हातानेच खाली पडेल की." मग त्यांनी दाखला आणि मार्कशीट शेजारी-शेजारी ठेवले. दाखल्यावर जुलै 2023 ते जून 2024. मार्कशीटवर उन्हाळी परीक्षा 2024. "कॉलेज रेग्युलर होतं ना?"

हे ना भावाच्या लक्षात आलं होतं, ना माझ्या, ना सिन्नरच्या त्या काकांच्या.

घडी घालून कागद परत दिल्यावर ते जे बोलले ते मला जवळजवळ शब्दशः आठवतं. "फ्रेशर म्हणून आली असतीस तर अर्धा तास बसवून बोललो असतो. आता तुला जे खरंच येत असेल तेही मला विचारता येत नाही. तू खरं सांगतेयस की नाही, हे मी ठरवायचं कशावरून?"

बाहेर पडून आयटीआय सिग्नलपर्यंत चालत आले. सिटीलिंकच्या दोन बस गेल्या तरी बसले नाही. दाखला फाडावासा वाटत होता, पण फाडला नाही. फाइलच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात घातला. का ठेवला ते तेव्हा सांगता आलं नसतं.

घरी फक्त मामांना खरं सांगितलं. ते जेवत होते. भाकरीचा घास चावून झाल्यावर म्हणाले, "ते मोबाइलचं सोड. गेटवर जा. मी रोज शंभर गेट बघतो, निम्म्यांवर पाटी असते."

तर गेट. अंबड एमआयडीसी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. मुंबई-आग्रा हायवेवरून गरवारे पॉइंटला आत वळलं की मोठ्या कंपन्यांच्या लांबच लांब भिंती लागतात. तिथे फ्रेशरने उभंच राहू नये, वॉचमन "ऑनलाइन करा" म्हणतो. खरी वस्ती आतल्या गल्ल्यांत आहे. पत्र्याचे शेड, बाहेर ऑइलचे बॅरल, लोखंडाच्या चिप्सचा ढीग, आत मशीनचा आवाज, आणि गेटला तारेने बांधलेली पाटी: 'पाहिजेत. व्हीएमसी ऑपरेटर. सीएनसी टर्नर. हेल्पर.' सीएनसी, व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापणारी मशीनं. पाटी कुठे फ्लेक्सवर, कुठे खडूने पत्र्यावर. खडूची पाटी दिसली की आत शिरायचं, कारण फ्लेक्स वर्षभर लटकत राहतो पण खडूने लिहिलेली गरज आजची असते. हे तिसऱ्या दिवशी एका चहाच्या टपरीवाल्याने शिकवलं.

वेळ एका वॉचमनने शिकवली. मी पहिले दोन दिवस सकाळी नऊला जात होते. तो म्हणाला, "ताई, आता साहेबांचा जीव डिस्पॅचमध्ये अडकलेला असतो. साडेअकराला या, चहा झालेला असतो." साडेअकराला गेले तर खरोखर आत सोडलं. काही वॉचमन बायोडाटा घेऊन ड्रॉवरमध्ये टाकायचे. ड्रॉवर उघडला की आत माझ्यासारख्यांचा गठ्ठा दिसायचा. एकाने तर माझ्यासमोरच त्यातला एक कागद काढून वडापावखाली घेतला. कुणाचा होता, वरचं नाव वाचता आलं नाही.

बायोडाटाही बदलला. आधी दोन पानांचा होता, त्यात 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' होतं, छंद होते, आणि अनुभवाच्या रकान्यात मोठी रिकामी जागा. आता एका पानावर आणला. अनुभव: नाही. त्याखाली मला हाताने काय येतं ते: व्हर्नियर, मायक्रोमीटर, हाइट गेज ही मोजायची उपकरणं वापरता येतात, ड्रॉइंग वाचता येतं, एक्सेल येतं, जनरल शिफ्टला आजपासून येऊ शकते. राहायला सिडको. हे शेवटचं मामांनी घालायला लावलं. "लासलगाव लिहिलंस की त्यांना वाटतं ही रोज एसटीने येणार आणि रोज उशिरा येणार." झेरॉक्स दोन रुपयांना एक, मी पन्नास काढल्या.

डायरीत हिशोब आहे. नऊ दिवस, 74 गेट. पाच ठिकाणी आत बोलावलं. त्या पाचांपैकी चार ठिकाणी विचारलं, "लग्नाचं काय?" एकाने तर पगार विचारण्याआधी विचारलं. मी म्हटलं ठरलेलं नाही, तर म्हणाले, "म्हणजे ठरेल." याला काय उत्तर द्यायचं? माझ्या वर्गातला मुलगा पाच महिन्यांत पुण्याला पळाला, त्याला कुणी विचारलं नव्हतं की पुण्याचं काय.

चहाची टपरी सोडून इतकं कुणी शिकवलं नसेल या नऊ दिवसांत. दुपारी तिथे ऑपरेटर, टेम्पोवाले, सुपरवायझर सगळे उभे असतात आणि कुठल्या शेडमधून कोण सोडून गेलं हे तिथे आधी कळतं. पोर्टलला ते कधीच कळत नाही. नवव्या दिवशी तिथेच एका वॉचमनने सांगितलं, "मागच्या गल्लीत बुश बनवणारा शेड आहे बघा. त्यांची इन्स्पेक्टर मुलगी परवा सोडून गेली. लग्न ठरलं म्हणे."

मला हसू आलं आणि पोटात गोळाही आला.

शेड छोटा होता. तीन सीएनसी, दोन व्हीएमसी, एक जुना लेथ, कोपऱ्यात काचेची केबिन. मालकांना सगळे साहेब म्हणत होते. पन्नाशीचे, गळ्यात दोरीला चष्मा, शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. त्यांनी बायोडाटा पाहिला आणि 'अनुभव: नाही' वर बोट ठेवलं.

"हे तू स्वतः लिहिलंस?"

"हो."

"लोक इथं काहीतरी भरतात."

मी काही बोलले नाही. फाइलच्या खालच्या कप्प्यात काय आहे ते मला माहीत होतं.

"परत मुलगी नको असं मी ठरवलं होतं," ते सरळच म्हणाले. "आणि फ्रेशर तर नकोच. तुला राग येईल, पण ऐक. तीन महिने मी शिकवतो. चौथ्या महिन्यात हायवेपलीकडचा कुणीतरी दीड हजार जास्त देतो आणि पोरगं जातं. मी फुकट शाळा चालवतो. अनुभव पाहिजे म्हणजे काय, तर शिकवायचा खर्च दुसऱ्या कुणीतरी केलेला पाहिजे."

इतक्या स्पष्टपणे हे मला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. दोन महिने मला वाटत होतं, माझ्यात काहीतरी कमी आहे. त्यांचा प्रश्न मला किती येतं हा नव्हताच, मी किती दिवस राहीन हा होता. त्याचं उत्तर बायोडाटात लिहायला रकाना नसतो. मी म्हटलं, "साहेब, वर्षभर कुठे जाणार नाही. लिहून देते." ते हसले. "लिहून दिलेलं कोण पाळतं? बघू, मोजता येतं का."

टेबलावर पाच बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, ठेवले, शेजारी ड्रॉइंग, एक व्हर्नियर आणि एक मायक्रोमीटर. बाहेरचा व्यास 32, टॉलरन्स उणे 0.02 ते उणे 0.05. लांबी 40, अधिक-उणे 0.1. "रीडिंग लिही. घाई नाही," म्हणाले आणि फोनवर बोलायला बाहेर गेले.

व्यासाला टॉलरन्सची पट्टीच 0.03 ची, आणि व्हर्नियर 0.02 पर्यंतच वाचतो, म्हणून तिथे मायक्रोमीटर घेतला. दोन्ही उपकरणांचा शून्य तपासला. हे कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्या सरांनी इतकं घोकून घेतलं होतं की हात आपोआप तिकडे गेला. बुश तेलकट होते, बनियनच्या चिंधीने पुसले. व्यास पाचही पीसचे 31.96, 31.97 असे आत बसले. लांबी चारांची बरोबर. पाचव्याची 40.14.

पुन्हा मोजली. 40.14. पीस फिरवून मोजली, 40.12. वरची मर्यादा 40.1. लिहिताना पेन थोडं थांबलं. पाचातला एक नापास, आणि ज्यांच्याकडे नोकरी मागतेय त्यांच्याच मालाला नापास म्हणायचं. लिहिलं.

साहेब आले, कागद पाहिला. "पाचवा? तो मी सकाळीच पास केलाय."

"माझ्याकडे जास्त येतोय, साहेब."

"परत बघ."

परत बघितलं. हात थरथरत होता, त्यामुळे जबडा एकदा तिरका बसला, मग सरळ केला. "40.12."

"म्हणजे मी चुकलो?"

यावर हो म्हणायची हिंमत नव्हती आणि आकडा काही बदलेना. मी नुसता पीस आणि व्हर्नियर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी व्हर्नियर घेतलाच नाही. पीस घेतला, डोळे मिटल्यासारखे करून अंगठ्याचं नख कडेवरून फिरवलं आणि एका जागी थांबवलं. "इथे हात लाव." लावला. केसाएवढा धारदार बर होता, म्हणजे कापताना कडेला राहिलेली धातूची कोर, डोळ्यांना दिसतही नव्हती. खिशातून डिबरिंगचं पातं काढून त्यांनी तेवढा काढला, फुंकर मारली, आणि पीस माझ्याकडे दिला. मोजला. 40.06.

"मोजायच्या आधी कड बघायची. हे पुस्तकात नसतं," म्हणाले.

मला वाटलं संपलं. मी फाइल आवरायला घेतली. ते केबिनच्या दारातून ओरडले, "अरे, हिला उद्यापासून सेफ्टी शूज बघा कुणाचे होतात का." मग माझ्याकडे वळून, "11,000. तीन महिने बघीन. आणि आकडा पटला नाही तरी असाच लिहायचा, ऑपरेटर कितीही बोंबलला तरी."

रात्री घरी फोन केला. पप्पांनी विचारलं, "काम काय आहे?"

"मोजायचं."

"काट्यावर?"

"नाही, हातानं. एकेक नग."

बराच वेळ फोनवर नुसता टीव्हीचा आवाज येत राहिला. मग म्हणाले, "हातानं मोजायला माणूस लागतो अजून?" आणि मम्मीकडे फोन दिला.

दसऱ्यानंतर रुजू झाले. मुख्यमंत्र्यांच्या त्या प्रशिक्षण योजनेतून भरती दाखवता येईल का असं साहेबांना विचारलं होतं, म्हणजे त्यांचाही खर्च वाचला असता. पण त्याला किमान वीस माणसं लागायची आणि आम्ही मला धरून चौदा. पहिल्या पूर्ण पगारातून ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 83 रुपये कापले, बाकी काही नाही. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात बायकांना 25,000 पगारापर्यंत माफ आहे, हेही तेव्हाच कळलं. हातात 10,917. त्यातले 1,200 मी मनात त्या कन्सल्टन्सीच्या खात्यावर टाकले आणि विसरले.

शिकायला तीन महिने पुरले नाहीत. दुसऱ्याच महिन्यात मी 200 नगांचा लॉट पास केला, त्यात बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा निघाला. प्लग गेज भोकात घालून बघायचा, त्याची 'गो' बाजू आत जायला हवी आणि 'नो गो' जाता कामा नये. 'गो' बाजू जाते एवढंच पाहिलं होतं, 'नो गो' बाजूही आरामात जात होती ते पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या गेटवर जाऊन दिवसभर एकेक नग सॉर्ट केला. गिऱ्हाइकाने पैसे कापल्याची डेबिट नोट आली ती साहेबांनी माझ्या टेबलाच्या काचेखाली लावली. ओरडले नाहीत. नाशिकमधले साहेब लोक ओरडत का नाहीत, मला कळत नाही. ती नोट अजून तिथेच आहे.

वर्षभर कुठे जाणार नाही म्हटलं होतं, गेले नाही. मध्ये एकदा हायवेपलीकडून फोन आला, खरोखरच दीड हजार जास्तचा. मला आकडा ऐकून हसूच आलं. आता चौदा महिने झालेत, पगार 14,500 आहे, आणि गेल्या आठवड्यात सातपूरच्या एका मोठ्या कंपनीची जाहिरात आली: लाइन इन्स्पेक्टर, डिप्लोमा मेकॅनिकल, अनुभव किमान 1 वर्ष. मी साहेबांना आधी सांगितलं, मग अर्ज केला. ते थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "दाखला करून देतो. तुझ्या जागी माणूस तूच शोधून दे."

दाखला आला. लेटरहेड, सही, निळा गोल शिक्का. 'सदर उमेदवार आमच्या आस्थापनेत क्वालिटी इन्स्पेक्टर या पदावर कार्यरत आहेत, त्यांची वर्तणूक चांगली आहे.'

फाइलच्या खालच्या कप्प्यातून सिन्नरचा दाखला काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. तीच भाषा, तोच शिक्क्याचा निळा रंग. उलट खोट्याचा कागद जाड होता. आणि युएएन आजही नाही, आम्ही चौदाच माणसं. एचआरच्या मॅडमनी विचारलं तर मला तेच वाक्य म्हणावं लागणार, "छोटं वर्कशॉप आहे मॅडम, पीएफ नाही."

आत्या मागून बघत होती. "खरा कुठला गं?"

तिला दाखवला. मग तो सिन्नरचा फाडला, चार तुकडे करून चुलीशेजारच्या कचऱ्यात टाकले. बायोडाटा पुन्हा उघडला आणि अनुभवाच्या रकान्यात शेडचं नाव, महिने, आणि त्याच्यापुढे माझा ईएसआयचा दहा आकडी नंबर टाईप केला. तो ऑक्टोबर 2024 पासून चालू आहे.

सोमवारी साडेअकराला बोलावलंय.